दुर्जनांचं काय होतं, आणि आपलं?

।। श्रीगुरुदेव दत्त ।।

गेल्या दत्तजयंतीला नेहमीप्रमाणे नृसिंहवाडीला गेलो होतो. पालखीच्या वेळी गर्दीत जरा मागे उभा राहिलो. आता चौऱ्याहत्तरी गाठली, धक्काबुक्की सोसत नाही. पुढे मानाच्या माणसांत एक ओळखीचा फेटा दिसला. माझा थोरला चुलतभाऊ, आमचा दादा. हात जोडलेले, डोळे मिटलेले, कपाळाला गंध. ह्याच दादाने मला लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून वाडीला आणलं होतं. आणि ह्याच दादाने 1997 साली माझ्या वडिलांची, ते अंथरुणावर असताना, एका कुलमुखत्यारपत्रावर सही घेतली आणि कृष्णेकाठची आमच्या वाट्याची अडीच एकर जमीन परस्पर विकली.

हे उणंदुणं काढण्यासाठी लिहीत नाही. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा दादा असतो. कुणाचा भागीदार, कुणाचा भाडेकरू, कुणाचा सख्खा भाऊ. आणि मग देवापुढे उभं राहिलं की एक प्रश्न घशात अडकतो : महाराज, तुम्ही हे बघता ना? मग हा माणूस बरा कसा? ह्याची मुलं मार्गी लागली, ह्याला ना मधुमेह ना रक्तदाब, आणि वर पालखीचा मानही ह्यालाच?

ह्या प्रश्नाने माझी पंधरा-वीस वर्षं खाल्ली. तो सुटला असं म्हणत नाही, पण तो धरायची रीत बदलली. ती बदलायला निमित्त झालं एक परक्या वाटणाऱ्या ग्रंथाचं, म्हणून दत्तभक्तांच्या ह्या अंकात त्याविषयी लिहायचं धाडस करतो.

आधी माझं पाप सांगतो. कोर्टात दावा चालू होता. 1999 च्या मार्गशीर्षात मी गुरुचरित्राचा सप्ताह केला. सोवळं, एकभुक्त, जमिनीवर झोपणं, सगळं नेमाने पाळलं. संकल्पात तोंडाने म्हटलं ‘श्रीदत्तकृपाप्रीत्यर्थ’. मनात मात्र एकच : ह्याचं वाटोळं होऊ दे. सात दिवस, रोज. पोथी वाचत होतो आणि ओळीओळीच्या मध्ये दादाचा सर्वनाश बघत होतो. दहाव्या अध्यायात वल्लभेशाची कथा आली, श्रीपाद श्रीवल्लभ त्रिशूळ घेऊन आले आणि त्यांनी चोरांना मारलं, तेव्हा मला कोण आनंद झाला! त्या कथेत पुढे काय आहे ते मी वाचूनही वाचलं नव्हतं. ते शेवटी सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. मराठी ख्रिस्ती, शाळेत मराठीच शिकवलेलं, ज्ञानेश्वरीच्या ओव्या माझ्याहून जास्त पाठ. संध्याकाळी कट्ट्यावर आमची बैठक. सप्ताहाचं पारणं झालं, मी प्रसाद घेऊन गेलो. ते म्हणाले, “नाना, सात दिवस पोथी वाचलीत, पण चेहरा उतरलेलाच दिसतो.” मी सगळं सांगून टाकलं, संकल्पासकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, “हे दुखणं जुनं आहे. आमच्या आसाफालासुद्धा झालं होतं.” आणि आतून त्यांचं मराठी पवित्र शास्त्र आणून स्तोत्रसंहितेतलं 73 वं स्तोत्र काढून दिलं.

आसाफ म्हणजे दावीद राजाच्या काळातला देवाच्या सेवेतला प्रमुख गवई. आपल्या भाषेत देवळातला कीर्तनकारच म्हणा ना. दीडशे स्तोत्रांपैकी बारा त्याच्या नावावर आहेत. लोकांना भक्ती शिकवणारा हा माणूस उघड कबूल करतो की माझा पाय घसरता घसरता राहिला. कशावरून? तर उन्मत्त लोकांचं बरं चाललेलं बघून मला त्यांचा हेवा वाटला! मग तो त्यांचं वर्णन करतो. ते धष्टपुष्ट आहेत, इतरांना होतात ते त्रास त्यांना होत नाहीत, गर्व ते दागिन्यासारखा मिरवतात, आणि देवाला काय कळतंय असं बोलतात. मग आपण हात आणि मन स्वच्छ ठेवून मिळवलं काय, असं त्याला वाटून जातं.

मी वाचता वाचता थांबलो. धर्मग्रंथात असं लिहिलेलं असतं? मला वाटायचं, असे विचार भक्ताने देवघराच्या बाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचे. इथे तर त्याचंच स्तोत्र केलेलं, आणि ते उपासनेत म्हणायचं! मास्तर म्हणाले, “देवाला चांगलं चांगलंच सांगायचं असतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? आसाफाने एक पथ्य मात्र पाळलं. ही कुरकुर त्याने लोकांत केली नाही. लहानांची श्रद्धा मोडेल म्हणून चारचौघांत गप्प राहिला आणि देवापुढे ओकला.” मी खाली बघितलं. मी तर गल्लीत, लग्नकार्यात, एसटीत, जिथे कान मिळेल तिथे दादाचं गाऱ्हाणं गात होतो.

पुढे आसाफ म्हणतो की विचार करून करून मी थकलो, उकल होईना. मग मी देवाच्या पवित्रस्थानात गेलो, आणि तिथे मला त्यांचा शेवट उमगला. त्यांची जागा निसरडी आहे. जाग आल्यावर स्वप्न जसं उरत नाही, तसे ते जातील.

मला हेच हवं होतं! म्हटलं, “बघा मास्तर, शेवटी वाटोळं होतंच.” मास्तर म्हणाले, “घाई करू नका, पुढे वाचा.” पुढे आसाफ दुर्जनांना सोडून स्वतःकडे वळतो. म्हणतो, माझं मन आंबलेलं होतं तेव्हा मी तुझ्यापुढे जनावरासारखा होतो. तरीही तू माझा उजवा हात धरलेला आहेस. आणि आता स्वर्गात काय, पृथ्वीवर काय, मला तुझ्यावाचून दुसरं काही नको.

ह्या 28 श्लोकांत एक गोष्ट कुठेच नाही. आसाफ बाहेर आला तेव्हा ते दुर्जन मेले होते, भिकेला लागले होते, असं एका शब्दाने सांगितलेलं नाही. बाहेर काहीच बदललेलं नसावं. त्यांचे वाडे तसेच, तब्येती तशाच. बदलला तो आसाफ. आणि मला आणखी एक दिसलं. सुरुवातीला घसरतो तो आसाफाचा पाय, आणि नंतर निसरड्या जागेवर दिसतात ते दुर्जन. म्हणजे निसरडं एकच आहे! तो अधाशीपणाने तिथे गेला, मी हेव्याने तिथेच निघालो होतो.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे ह्याचं उत्तर आहेच की. प्रारब्ध, संचित, पूर्वजन्म. खरं आहे, मीही ते मानतो. पण ते दुसऱ्याला कसं सांगावं ह्यालाही विवेक लागतो. जमीन गेली तेव्हा आमचे एक नातेवाईक सहज म्हणाले, “नाना, तुमच्याच वडिलांचं काहीतरी देणं असणार मागल्या जन्मीचं.” वडील जाऊन महिना झाला नव्हता. बायबलात ईयोबाच्या गोष्टीत असेच मित्र आहेत. ईयोबाची मुलंबाळं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. सात दिवस सात रात्री मित्र त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, तोवर चांगलं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं : तुझंच काहीतरी पाप असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. उलट ईयोबालाच त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. सिद्धांत खरा असला तरी दुसऱ्याच्या जखमेवर तो ठेवायचा अधिकार आपल्याला नाही, एवढं मी त्यावरून शिकलो.

हे सगळं कळून मी सुधारलो असं समजू नका. 2014 साली अपिलातही हरलो. त्यानंतर मी एक वही केली होती. दरवर्षी एप्रिलमध्ये रेडीरेकनरचा दर बघायचा, आणि अडीच एकराची आज किंमत किती झाली ते लिहायचं. आकडा फुगायचा आणि मी गरीब व्हायचो. खरं तर पेन्शन वेळेवर येत होती, मुलगा नोकरीला लागलेला, घर स्वतःचं. पण वही उघडली की मी लुटलेला माणूस.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर आला. सांगलीतल्या आमच्या घराचा तळमजला पाण्यात गेला. नावेतून बाहेर पडताना पिशवीत घेतलं काय? औषधं, गुरुचरित्राची पोथी, आणि ती वही! शाळेच्या वर्गात सतरंजीवर आम्ही बसलो होतो, तेवढ्यात गल्लीतला एक पोरगा सांगत आला, “दादांचं नदीकाठचं गोदाम बुडालं, हळदीची सगळी पोती गेली.” माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “दत्तमहाराज आहेत! बघतात सगळं!”

शेजारी आमची ही कपडे पिळत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अहो, आणि आपल्या घरात पाणी कुणी घातलं मग?”

मला उत्तर सुचलं नाही. मास्तरही त्याच वर्गात होते. हसले. रात्री हळूच म्हणाले, “आमच्या नीतिसूत्रांत शलमोन सांगतो, वैरी पडला तर आनंद मानू नकोस. देवाला ते आवडणार नाही आणि तो त्याच्यावरचा राग काढून घेईल. म्हणजे बघा नाना, तुम्ही हसलात की त्याची शिक्षा माफ!” चेष्टाच ती, पण पटली. कृष्णामाई सातबारा बघून घरात शिरत नाही. तिच्या पाण्याला मी माझा न्यायाधीश करून टाकलं होतं. पुढे दोन वर्षांत दादाचं गोदाम पुन्हा उभं राहिलं, पहिल्यापेक्षा मोठं. मग आता महाराज झोपले म्हणायचं का?

त्या पाच दिवसांत मास्तरांनी मला नाबोथाची गोष्ट सांगितली. जमिनीचा तंटा ज्याने ज्याने भोगला असेल त्याने ती ऐकावी. इज्रेलात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने दुसरा चांगला मळा देऊ केला, पैसे देऊ केले. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. एवढ्यावरून तो राजा पलंगावर पडला, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण टाकलं! मग त्याची राणी ईजबेल हिने राजाच्या मोहरेची पत्रं पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठार मारवलं, आणि अहाब मळा ताब्यात घ्यायला गेला. कागद खोटे, साक्षी खोट्या. जग तेव्हापासून तेच आहे.

पण ह्या गोष्टीत मला टोचलं ते दुसरंच. सगळं राज्य असलेला माणूस भाजीच्या वाफ्यासाठी उपाशी झोपतो. पापाची सुरुवात खोट्या कागदापासून झाली नाही, ती त्या पलंगावर झाली. जे आहे ते पुरेनासं झालं, तिथे दुर्जन जन्माला आला. आणि मी? मीही वही उशाला घेऊन, भिंतीकडे तोंड करून वर्षानुवर्षं पडलो होतो. नाबोथासारखा लुटला गेलो हे खरं, पण जगत होतो अहाबासारखा.

पुढे एलीया संदेष्टा थेट त्या मळ्यात जाऊन राजाला तोंडावर विचारतो : खून करून वर ताबाही घेतलास का? म्हणजे समाधानी राहा ह्याचा अर्थ अन्यायापुढे मुकाट बसा असा नाही. कोणी नाबोथाच्या घरच्यांना समाधानाचं प्रवचन दिलं नाही. बोलायचं होतं ते राजाला, आणि ते बोललं गेलं. आणि शेवट असा की एलीयाने शाप सांगितल्यावर अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, तर देवाने त्याच्यावरचं संकट त्याच्या हयातीपुरतं पुढे ढकललं. पूर्वी मला ह्याचा रागच आला असता. आता वाटतं, ज्याच्या कोर्टात अहाबाचंही ऐकून घेतात, त्याच कोर्टात माझ्या त्या विषारी संकल्पाचीही गय होईल.

राहिला प्रश्न समाधानाचा. ते आणायचं कुठून? पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळींना तुरुंगातून पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की कमी असो वा भरपूर असो, संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. ‘शिकलो’ हा शब्द मला फार दिलासा देऊन गेला. म्हणजे तो जन्मजात गुण नव्हे. पाढे शिकतात तसं शिकायचं, चुकायचं, पुन्हा म्हणायचं. आणि आपल्या अवधूताने तरी दुसरं काय केलं? चोवीस गुरू केले म्हणजे चोवीस ठिकाणी शिकायला बसले. अजगराकडून शिकले की समोर येईल त्यावर राहावं. कुरर पक्ष्याकडून शिकले की चोचीत मांसाचा तुकडा आहे तोवर बाकीचे पक्षी पाठ सोडत नाहीत. तुकडा टाकला की आकाश मोकळं.

माझा तुकडा म्हणजे ती वही. पुरानंतर घर साफ करताना मी ती रद्दीत घातली. फार मोठा त्याग केला असं नाही. दोन-तीन महिने हात आपोआप कपाटाकडे जायचा. एप्रिल आला की अजूनही दर बघावासा वाटतो. पण बघत नाही. एवढंच शिकलोय अजून.

मास्तर आता नाहीत. त्यांचं माझं सगळंच जुळत होतं असं नाही. ते पुनर्जन्म मानत नसत, मी मानतो. त्यांनी कधी मला त्यांच्याकडे ओढलं नाही, मी त्यांना वाडीला चला म्हटलं नाही. त्यांनी मला माझीच पोथी नीट वाचायला लावली, हे त्यांचं माझ्यावरचं ऋण.

कारण त्यानंतर सप्ताहाला बसलो तेव्हा दहावा अध्याय पुन्हा आला. वल्लभेशाला मारणाऱ्या चोरांना श्रीपादांनी मारलं, पण एक चोर शरण आला. म्हणाला, हे मारणार आहेत हे मला ठाऊक नव्हतं. महाराजांनी त्याला जिवंत ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, विभूती त्याच्याच हातात दिली आणि मेलेल्या वल्लभेशावर ती टाकायला लावली. वल्लभेश उठून बसतो तेव्हा महाराज गुप्त झालेले असतात, आणि शेजारी असतो तो चोर! काय घडलं ते सांगणाराही तोच. वीस वर्षं मला त्या कथेत फक्त त्रिशूळ दिसला, विभूती दिसलीच नाही. ज्या हाताने लुटायचं, त्याच हातून महाराज जीव परत देववतात. दुर्जनाचं पुढे काय करायचं हे त्यांच्याकडे किती प्रकारचं असू शकतं, ते मी एकच शिक्षा घेऊन कसं ठरवणार?

दोन वर्षांपूर्वी दादाने आमच्या नात्यातल्या एका विधवा वहिनीपुढे असाच कागद ठेवला. तिचा फोन आला, “नाना, या जरा.” मी गेलो. कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि दादासमोरच म्हटलं, “वहिनी, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.” दादा उठून गेला. घरी येताना माझ्या लक्षात आलं की माझा आवाज चढला नव्हता, हात थरथरले नव्हते. दावा चालू असताना हे मला कधी जमलं नव्हतं. वही डोक्यात असती तर मी वहिनीसाठी बोललो नसतो, माझ्या अडीच एकरासाठी भांडलो असतो.

वाचकहो, दादा आजही सुखात आहे. रात्री त्याला झोप लागत नसेल असं म्हणून मी स्वतःला फसवणार नाही. बहुधा छान लागत असेल. गेल्या दत्तजयंतीला पालखी गेल्यावर गर्दी सरकली आणि आम्ही समोरासमोर आलो. मी त्याला मिठी मारली नाही. क्षमा केली असंही म्हणत नाही, ते अजून शिकायचं आहे. हातात नुकताच मिळालेला प्रसादाचा पेढा होता, तो अर्धा मोडून पुढे केला. त्याने घेतला. दोघेही काही बोललो नाही.

यंदाही मार्गशीर्षात सप्ताहाला बसणार आहे. संकल्प म्हणताना तोंडात आणि मनात एकच शब्द असावेत, एवढंच महाराजांकडे मागणं. दादाचं काय करायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझा पाय घसरू नये, एवढं त्यांनी बघावं.

।। अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ।।